हवा निघेस्तोवर

हिंदुरावनानांना मी बसलेलं पाहिलं ते एकदाच, आणि तेही माझ्याच गाडीत. एरवी हा माणूस उभा, नाहीतर चालता. चहासुद्धा चालत प्यायचे. पहिला घोट गॅरेजच्या दारात, दुसरा समोरच्या वेल्डिंगवाल्याकडं, आणि रिकामा कप कुठल्यातरी तिसऱ्याच गाडीच्या टपावर. कुपवाडच्या त्या गल्लीत गाडीच्या टपावर कप दिसला की लोक समजायचे, नाना येऊन गेले. बोलणंही तसलंच. वाक्य माझ्यासमोर सुरू करायचे आणि संपवायचे दुसऱ्याच गिऱ्हाइकासमोर. अर्धं अर्धं ऐकून दोघांनाही वाटायचं की नाना आपल्यालाच काहीतरी लागट बोलले. बऱ्याचदा ते खरंही असायचं.

माझा धंदा ठिबकच्या सामानाचा. घर साताऱ्यात आणि माझ्याकडचा भाग सांगलीचा, त्यामुळं अर्धा जन्म हायवेवर. गाडी जुनी, पण गुणाची होती. त्या उन्हाळ्यात मात्र तिच्या अंगात आलं. कराड मागं पडलं की तापमानाचा काटा वर चढायचा आणि माझा जीव खाली जायचा. साताऱ्यातल्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट बदलला, इस्लामपूरच्यानं पंख्याची मोटर बदलली, आणखी एकानं रेडिएटरचं झाकण बदललं आणि जाता जाता गाडीच बदलायचा सल्ला दिला. शेवटी आष्ट्याच्या अलीकडं भर दुपारी बॉनेटमधून वाफ निघाली. मी रस्त्याकडेला उभा राहून सगळ्या मिस्त्रीजातीचा उद्धार करत होतो. तेवढ्यात केळीचा टेम्पो घेऊन चाललेला एक ड्रायव्हर थांबला. त्यानं पाण्याचा कॅन दिला आणि म्हणाला, "कुपवाडला हिंदुरावनानांकडं जावा. पर येळ काढून जावा."

मिस्त्रीकडं वेळ काढून जायचं हे मला नवीन होतं. मला कुठंच वेळ काढून जायची सवय नाही.

गॅरेज म्हणजे घरापुढचं पत्र्याचं शेड. त्याला लागूनच नानांच्या बायकोची, मालनकाकींची, पिठाची गिरणी. शेडपुढं काँक्रीटचा एक चढ बांधलेला होता, गाडीची पुढची चाकं वर आणि मागची खाली राहतील एवढा. गल्लीत त्याला 'नानाचा घाट' म्हणायचे. साठी ओलांडलेला, काटकुळा, लष्करातली जुनी खाकी पँट घातलेला एक माणूस हातात पाना घेऊन त्या घाटाच्या भोवती फिरत होता. नाना लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. पेन्शन घेऊन गावी आले, पण गावाकडची शेती त्यांना मानवली नाही. ऊस फार सावकाश वाढतो, अशी त्यांची तक्रार होती.

मी सगळी रामकहाणी सांगायला लागलो. ते दोन वाक्यं ऐकून निघून गेले, परत आले आणि म्हणाले, "हीटर लावून बगितला?"

"नाना, मे महिना आहे."

"मग कवा बगणार? दिवाळीत?"

हीटर लावला. इंजिन चटका बसेल इतकं तापलेलं आणि हीटरमधून गार वारा. नाना खूश झाले. "हवा धरलीया," म्हणाले. "तुमी ठिबकवालं न्हवं? नदीवरल्या मोटारीनं हवा धरली की काय हुतं? मोटार फिरती, पाणी येत न्हाई. हितं बी त्येच. पाणी भरलं समद्यांनी, हवा कुणी काडली न्हाई."

शेतकऱ्यांच्या पाइपलाइनींतली हवा काढायचे व्हॉल्व विकून मी पोट भरतो. माझ्याच गाडीच्या पोटात हवा अडकलेली असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण ते डोक्यात न येणाऱ्यांच्या रांगेत माझ्यापुढं तीन मिस्त्री होते, त्यामुळं मी फारसं मनाला लावून घेतलं नाही.

गाडी आधी पूर्ण निवू दिली. मग घाटावर चढवली. रेडिएटरच्या तोंडात कोल्ड्रिंकच्या कापलेल्या बाटलीचं नरसाळं बसवलं, हिरवं कूलंट ओतलं, इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण सोडला आणि नानांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. काचा वर.

"मी कशाला?"

"गाडी तुमची, घाम तुमचा. वारं गरम आलं की आवाज द्या."

हा त्यांचा नियमच होता. गिऱ्हाईक कोणीही असो, हवा काढताना ते गाडीत बसणार. मी घामानं निथळत बसलो होतो आणि नाना गाडीभोवती फेऱ्या मारत होते. प्रत्येक फेरीत बॉनेटपाशी आले की रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपला हात लावायचे, जरा दाबायचे, मग खालच्या पाइपला हात, आणि पुन्हा फेरी. वरचा पाइप आधी तापतो. खालचाही तापला म्हणजे पाणी सगळीकडं फिरलं, कुठं हवा अडून राहिली नाही. मध्येच नरसाळ्यात बुडबुडे यायचे, पाणी गटकन खाली जायचं, नाना वरून ओतायचे. मी आतून चार वेळा तरी "झालं का?" विचारलं असेल.

"हवेला घाई करून भागत न्हाई," ते चालता चालता म्हणाले. "ती आपल्या पायानं भाईर येती."

जो माणूस चहाला उभा राहत नाही, त्यानं हे मला सांगावं, याचा मला फार राग आला. पण एक मात्र खरं, बाकी सगळ्या कामांत 'चलो, आगे' म्हणत सुटणारे नाना ह्या एका कामात कधीच पुढं पळाले नाहीत. फेऱ्या मारायचे, पण झाकण लावायचे नाहीत. शेवटी गरम वारा तोंडावर आला, पंखा सुरू होऊन बंद झाला, दोन्ही पाइप सारखे तापले, तेव्हाच झाकण बसलं. त्यानंतर ती गाडी कधी तापली नाही. मी मात्र नानांकडं जातच राहिलो, काम असो वा नसो. आपल्यापेक्षा जास्त चुळबुळ्या माणसाजवळ उभं राहिलं की आपण शांत असल्यासारखं वाटतं.

एकदा तर त्यांनी नवरदेवाला बसवलं. मुंडावळ्या बांधलेला, फेटा घातलेला, गाडीला झेंडूच्या माळा. लग्न मिरजेच्या बाजूला कुठंतरी आणि गाडी वाटेतच तापलेली. नवरदेवाचा मामा हात जोडत होता. "नाना, मुहूर्त हाय. पाणी ओता आन सोडा."

"पाणी ओतून सोडतो की," नाना म्हणाले. "मग मुहूर्ताला नवरा पोचवायचा का वाफ?"

मग नवरदेव काचा वर करून, हीटर सोडून बसला. मामा बाहेर घड्याळ बघत होता, कलवऱ्या हसत होत्या, नाना फेऱ्या मारत होते. थोड्या वेळानं आतून नवरदेवानं काच खाली केली आणि म्हणाला, "नाना, गरम आलं." फेट्याचा रंग उतरून कपाळावर ओघळला होता. नानांनी खांद्यावरचा पंचा काढून त्याचं तोंड स्वतः पुसलं. "आता सौंसाराला तयार झाला गड्या," म्हणाले आणि पुढच्या गाडीकडं निघूनही गेले. लग्न मुहूर्तावर लागलं. पुढं ते जोडपं पेढे घेऊन गॅरेजवर आलं, तेव्हा नाना एक पेढा तोंडात आणि एक हातात घेऊन गल्लीच्या टोकाला पोचले होते.

चपलेची गोष्ट त्यानंतरची. नाना बाजारात स्पार्कप्लग आणायला गेले आणि परत आले ते एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठं राहिली त्यांना पत्ता नव्हता. सगळी गल्ली हसली. नानाही हसले. "एक पाय फुडं गेला," म्हणाले, "दुसऱ्याला सांगायचं ऱ्हायलं." आठवडाभर तो विनोद चालला. त्यानंतर मालनकाकींनी त्यांना नाडीचे कॅनव्हासचे बूट आणून दिले. रोज सकाळी काकी स्वतः नाडी बांधायच्या. वेल्डिंगवाला म्हणायचा, नाना आता धावायच्या शर्यतीत उतरणार.

त्याच सुमाराला नानांचा नियम जरा बदलला. आता गिऱ्हाइकानं गाडीत नुसतं बसायचं नाही, बाहेर येऊन पाइपलाही हात लावायचा. "गाडी तुमची, हात बी तुमचा." कुणाचाही हात धरून ते पाइपावर ठेवायचे आणि विचारायचे, "काय म्हंतोय? कोमट का गरम?" मला ते फार आवडलं. मी साताऱ्यात मित्रांना सांगत सुटलो की कुपवाडला एक मिस्त्री आहे, तो काम करत नाही, शिकवतो.

दिवाळीनंतर एका दुपारी मी सहज गेलो होतो. एक गाडी घाटावर होती, इंजिन चालू. नाना बॉनेटवर वाकून, एक हात आत टेकवून माझ्याशी बोलत होते. आपल्या पोराबद्दल बोलत होते, आणि नवल म्हणजे वाक्य पुरं करत होते. मला जळका वास आला. मी वाकून बघितलं तर त्यांचा तळवा इंजिनातून धूर नेणाऱ्या नळीवरच्या पत्र्याच्या कव्हरवर टेकलेला होता. तो पत्रा इतका तापलेला असतो की नुसता धक्का लागला तरी माणूस ओरडतो.

"नाना, हात!"

त्यांनी हात उचलला. तळव्यावर पांढरा पट्टा उठला होता. त्यांनी हाताकडं बघितलं नाही. आधी गिरणीकडं बघितलं. गिरणी घरघरत होती, काकी पाठमोऱ्या होत्या. मग त्यांनी हात पाण्याच्या बादलीत घातला आणि तसेच वाकून राहिले.

"साखर हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "अगुदर पायाचं गेलं, आता बोटांचं गेलंय. गरम कळंना, गार कळंना."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गोळ्या हायत की. गोळीनं साखर उतरती. गेल्यालं काय परत येत न्हाई म्हनला."

चप्पल का हरवली ते मला तेव्हा कळलं. आणि गिऱ्हाइकांचे हात ते पाइपावर का ठेवायचे, तेही. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त धास्ती वाटली, कारण नाना पहिल्यांदाच माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होते.

"विकासला कळू देऊ नका," म्हणाले. विकास त्यांचा पोरगा, पुण्यात नोकरीला. "त्यो टपूनच बसलाय. कळलं की शेडला कुलूप आन आमी दोगं सातव्या मजल्यावर. मी राहून आलोय चार दीस. लिफ्टनं वर जायाचं, लिफ्टनं खाली यायाचं. मधी मानसानं करायचं काय?"

"आणि काकींना?"

"तिला तर मुळीच न्हाई. ती त्याच घटकंला फोन लावंल."

मी कुणाला बोललो नाही. पण त्यानंतर तिथं गेलो की माझंच चित्त थाऱ्यावर नसायचं. नाना पाना धरत, नट फिरवत, सगळं डोळ्यांनी आणि कानांनी निभावून नेत. हवा काढायचं काम आलं की मी शक्य असेल तर थांबायचो आणि न सांगता पाइपला हात लावून यायचो. माझ्या पाठीमागं काय होत असेल, ह्याचा विचार साताऱ्यात जेवतानाही सुटायचा नाही.

व्हायचं ते मी नसताना झालंच. सोयाबीनचा एक व्यापारी बायकापोरांना घेऊन पुण्याला निघाला होता. रेडिएटर बदलला, हवा काढायला गाडी घाटावर घेतली. त्याचं सगळं लक्ष फोनमध्ये. नानांनी त्याचा हात पाइपावर ठेवला.

"काय म्हंतोय?"

"गरम हाय, गरम हाय."

"खालचा बी?"

"व्हय हो नाना, खालचा बी. लावा झाकण."

नानांनी झाकण लावलं. कराडच्या पुढं गाडी उकळली. व्यापाऱ्याचं काट्याकडंही लक्ष नव्हतं, इंजिनाचं हेड वाकलं, आणि बायकापोरं हायवेकडेला उन्हात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी नेमका गॅरेजवर असताना तो गल्लीत येऊन मोठमोठ्यानं बोलला. सगळी गल्ली ऐकत होती. 'तुमीच गरम म्हनला' हे वाक्य नानांच्या तोंडात होतं, मला ते दिसत होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मिस्त्री तुम्ही का तो? नानांनी ते हेड स्वखर्चानं नीट करून दिलं.

गल्लीत बातमी फिरली की नानांच्या हातून हवा राहिली. एवढीशीच बातमी, पण नानांसाठी ती एवढीशी नव्हती. त्यांनी ते कामच सोडलं. पंक्चर, ऑइल, ब्रेक घ्यायचे, बाकी कुणी आलं तर "कुपवाडात लय गॅरेजं हायत," म्हणायचे. घाटावर मालनकाकींनी ताडपत्री टाकून गहू वाळत घालायला सुरुवात केली. नानांच्या फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत. गाडी नसलेल्या घाटाभोवती, गव्हाभोवती, ते तसेच फिरत. ते बघणं मला नको व्हायचं.

पुढं माझ्याकडचा भाग बदलला, आता माझ्या फेऱ्या फलटणच्या बाजूला असतात. त्यामुळं नाना मला शेवटचे दिसले ते मार्चमधल्या एका दिवशी. माझ्या गाडीचा पाण्याचा पंप गळायला लागला होता. नानांनी पंप बदलला, आणि हात पुसत म्हणाले, "पाणी भरायला आन हवा काडायला दुसरीकडं न्या. मी सांगतो एक पोरगा, चांगला हाय."

"नाना, मी थांबतो की इथं. माझा हात आहे."

"नगं. दुसऱ्याच्या हातानं बगून एकदा तोंड काळं झालं."

तेवढ्यात गिरणी बंद झाली. दिवसभराची घरघर थांबली की कानाला दडे बसल्यासारखं होतं. मालनकाकी बाहेर आल्या, कोपरापर्यंत पिठाचे हात. त्या सरळ घाटाकडं गेल्या आणि ताडपत्रीचं एक टोक उचललं.

"भाऊ, ते टोक धरा," मला म्हणाल्या. "आवं, गाडी वर घ्या."

"तुला काय कळतंय त्यातलं?" नाना म्हणाले.

"त्यातलं कायबी न्हाई कळत. गरम आन गार कळतंय. जल्म गेला पीठ हातात झेलन्यात. पीठ जादा तापलं की दगड घट्ट बसल्यात, हे मला काय तुमी सांगायला येता?"

नाना घाटापाशीच थबकले. हातातला पाना त्यांनी बॉनेटवर ठेवला, परत उचलला.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"चप्पल हरवली तवापासनं. रोज रातच्याला पायाला तेल कोन लावतं? टाचंत बाभळीचा काटा हुता केवढा. म्या सुईनं टोकरून काडला आन तुमी टीव्हीवर बातम्या बगत हुता."

नानांनी आपल्या बुटांकडं बघितलं. नाडीच्या त्या गाठीचा अर्थ त्यांनाही आत्ताच लागला असावा.

"आन विकासला?"

"त्याला बी सांगितलंय," काकी ताडपत्रीची घडी घालत म्हणाल्या. "म्हनलं, तुज्या बाचं हात गेल्यात, माजं हायत. दोगांत मिळून एक मिस्त्री भरतुया अजून. ज्या दिशी भरंना, त्या दिशी येतो तुज्या लिफ्टात बसायला."

"काय म्हनला?"

"नाडीचं बूट त्येनंच धाडल्यात, मी कुटनं आनू?"

मी गाडी घाटावर चढवली. काकींनी पदराला हात पुसले, नरसाळं बसवलं, नानांनी कूलंट ओतलं. इंजिन सुरू झालं. मी सवयीनं ड्रायव्हरच्या सीटवरून हलेना, तेव्हा काकी मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी उतरा. ह्यांना बसू द्या. तोंडाला तर वारं कळतंय न्हवं यांच्या."

मी उतरलो. नाना दारात घुटमळले, गाडीभोवती एक फेरी मारावी असं त्यांच्या पायांत आलेलं दिसलं, आणि मग ते आत बसले. काचा वर, हीटर पूर्ण. एवढ्या वर्षांत किती गिऱ्हाइकांना त्यांनी तिथं बसवलं असेल, पण स्वतः कधी बसले नव्हते. त्यांना बसता येत नव्हतं. बोटं स्टिअरिंगवर ताशा वाजवत होती, गुडघा हलत होता, घाम मानेवरून सदऱ्यात उतरत होता. काकी बॉनेटजवळ वाकल्या होत्या, पिठाचा पांढरा हात काळ्या पाइपावर ठेवून. त्या फेऱ्या मारत नव्हत्या. चक्कीखाली पीठ झेलताना उभ्या राहतात तशाच उभ्या होत्या.

बराच वेळ गेला. नरसाळ्यात बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, काकींनी वरून ओतलं. मग आतून काच खाली झाली.

"मालन, आलं. गरम आलं वारं."

"वरचा तापलाय," काकी मान वर न करता म्हणाल्या. "खालचा कोमट हाय."

"आगं, आलं म्हंतोय न्हवं मी."

"खालचा कोमट हाय."

नानांनी दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला, बूट जमिनीला लागला का ते वाकून बघितलं. काकींनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"बसा," त्या म्हणाल्या.

नानांनी पाय आत घेतला आणि दार लावून घेतलं.